भिंतीवरची तसबीर : छापील चित्र वाचायला शिकवताना



मुलांना आपण धडा वाचायला शिकवतो, आलेख वाचायला शिकवतो, नकाशा वाचायला शिकवतो. चित्र मात्र नुसतं 'बघायचं' असतं असं आपण धरून चालतो. खरं तर अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून मूल चित्रं पाहत असतं. आपल्या कामठ्यात कोणत्याही घरात डोकावून बघा. कुठे देव्हाऱ्यात लक्ष्मीची तसबीर, कुठे बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेब, दारावर गणपती, स्वयंपाकघरात किराणा दुकानदारानं दिलेलं कॅलेंडर, एखाद्या भिंतीवर शिवाजी महाराज. ही जवळजवळ सगळी चित्रं छापलेली असतात. म्हणजे ती कोणीतरी काढली, कोणीतरी छापली, कोणीतरी विकली आणि कोणीतरी पैसे मोजून घरी आणली.

या चौघांची गोष्ट म्हणजेच आजचा पाठ. सहावी ते नववीच्या वर्गात इतिहास, चित्रकला आणि थोडं गणित एकत्र घेऊन तो शिकवता येतो. मुलांपर्यंत एकच मुद्दा पोचवायचा आहे : स्वस्त छापील चित्र घरोघरी पोचतं, आणि पोचता पोचता 'खरा चेहरा कोणता' हेही ठरवून टाकतं. म्हणून त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत.

पुणे, १८७८

आपल्याकडे चित्रं पूर्वीपासून होतीच. देवळाच्या भिंतीवर, वाड्यात, पोथीत. पण हातानं रंगवलेलं चित्र एकच असतं. ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतं. बाकीच्यांनी पाहायचं तर तिथे जायचं, आणि तेही आत जाऊ दिलं तर.

छपाईनं हे बदललं. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. शिळाप्रेस म्हणजे दगडावरून छापण्याचं यंत्र. आजोबांच्या पेटीत जुनी 'शिळाछाप' पोथी असेल तर ती याच तऱ्हेची. मजकूर छापता येतो तसं चित्रही छापता येतं, हे उघड होतं. पण रंगीत चित्रं काढून विकण्याचा मोठा उद्योग पुण्यात उभा राहिला तो १८७८ साली, चित्रशाळा या छापखान्यातून. तो काढण्यात पुढाकार होता विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. होय, 'निबंधमाला' लिहिणारे तेच चिपळूणकर. पुढे दोनच वर्षांनी, १८८० साली, न्यू इंग्लिश स्कूल सुरू करण्यातही ते होते.

शाळा, वर्तमानपत्र आणि चित्रांचा छापखाना, तिन्ही गोष्टी एकाच माणसाला महत्त्वाच्या का वाटल्या असतील? हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. मुलं चांगली उत्तरं देतात. त्या काळी वाचता येणारे लोक फार थोडे होते. निबंध ज्यांच्यापर्यंत पोचणार नाही त्यांच्यापर्यंत चित्र पोचू शकत होतं. चित्रशाळेनं रामपंचायतनासारखी देवादिकांची चित्रं छापली, तशीच नाना फडणवीसांसारख्या मराठेशाहीतल्या व्यक्तींचीही छापली. इंग्रजांचं राज्य असताना पेशवाईतला मुत्सद्दी रामाच्या शेजारी भिंतीवर येऊन बसतो, तेव्हा त्या घरातल्या मुलाला न सांगताच काहीतरी सांगितलं जातं.

मळवलीचा कारखाना

दुसरं नाव बहुतेकांना माहीत असतं : राजा रविवर्मा. जन्म १८४८, केरळातल्या किळिमानूरचा. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग आपल्या बाजूला घडला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून राजवाड्यासाठी पौराणिक प्रसंगांची चौदा तैलचित्रं करून घेतली. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, हे मुलांना आठवणीनं सांगा. राजेरजवाड्यांसाठी काढलेली ही चित्रं सामान्य माणसांनाही हवीत असं लक्षात येत गेलं. त्याआधीच, १८८४ साली, दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना सुचवलं होतं की काही चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्याव्यात.

रविवर्मांनी युरोपात पाठवण्याऐवजी इथेच छापखाना काढला. १८९४ साली मुंबईत गिरगावात. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. पुढे मुंबईत प्लेगनं थैमान घातलं आणि छापखाना शहराबाहेर हलला. शेवटी तो लोणावळ्याजवळ मळवलीला स्थिरावला. मुंबई-पुणे लोहमार्गावर, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी.

धंदा म्हणून मात्र रविवर्मांना हे जमलं नाही. कर्ज झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापखाना त्यांनी आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायखरला, विकून टाकला. चित्रकार बाहेर पडला तरी चित्रं छापली जातच राहिली. १९०६ साली रविवर्मा गेले, त्यानंतरही. १९७२ साली लागलेल्या आगीत तो कारखाना जळाला. तोवर त्याची लक्ष्मी आणि सरस्वती इतक्या घरांत जाऊन बसली होती की आगीनं काही फरक पडणार नव्हता.

या छापखान्याशी जोडलेलं आणखी एक नाव मुलांना आवडेल : दादासाहेब फाळके. त्यांनी रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम केलं होतं आणि लोणावळ्यात स्वतःचा छापखानाही काढला होता. मग १९१३ साली आला 'राजा हरिश्चंद्र'. स्थिर चित्रातली पुराणातली माणसं चालू-बोलू लागण्याआधी ती छापखान्यातून गेली होती.

दगडावरून चित्र कसं उमटतं?

तंत्र समजल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही, आणि मुलांना तेच सगळ्यात जास्त आवडतं. शिळाछापाची पद्धत बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डर यानं अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी शोधली. तत्त्व आपल्या घरातलं आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही.

गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. दगड ओला करायचा. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी बसत नाही, बाकी दगड ओला होतो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांवर चिकटते, ओल्या जागेवर नाही. वर कागद ठेवून दाबला की चित्र उमटलं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो, आणि एकाच कागदावर सगळे रंग अगदी नेमक्या जागी पडावे लागतात. एक दगड जरासा सरकला तर ओठांचा लाल रंग गालावर जातो. रविवर्मांच्या चित्रांना 'ओलिओग्राफ' म्हणत, कारण छपाईनंतर कागदाला वार्निश वगैरे देऊन तैलचित्रासारखी झाक आणली जाई. म्हणजे राजवाड्यातल्या वस्तूचा आभास, गरिबाला परवडेल अशा दरात.

उत्तम दगड यायचे ते बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींतून. त्याच बव्हेरियात आज न्यूरेंबर्ग नावाचं शहर आहे, आणि छापील चित्रांचा बाजार समजून घ्यायचा तर आता तिथेच जायला हवं. पण आणखी चारशे वर्षं मागे.

न्यूरेंबर्गची चित्रं आणि आपली मंडई

पंधराव्या शतकात युरोपच्या उत्तर भागात, म्हणजे आजच्या जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम या पट्ट्यात, छापील चित्रं सामान्य लोकांच्या घरात शिरू लागली. पद्धत सोपी होती. लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर चित्र काढायचं, रेघा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून टाकायचं, उरलेल्या उंचवट्यावर शाई लावून छापायचं. आपल्याकडचे कापडावर नक्षी छापणारे ठसे असतात ना, तसंच.

तारीख असलेल्या सगळ्यात जुन्या अशा चित्रांपैकी एक आहे १४२३ सालचं. संत क्रिस्टोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतो आहे. खाली मजकूर आहे त्याचा अर्थ असा, की ज्या दिवशी या संताचं मुख पाहाल त्या दिवशी वाईट मरण येणार नाही. घराबाहेर पडताना दारावरच्या गणपतीला हात जोडणाऱ्या आपल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. चित्र तेव्हा कलादालनासाठी नव्हतं. ते घरातलं कामाचं सामान होतं.

या बाजारातला सगळ्यात मोठा माणूस अल्ब्रेख्त ड्यूरर. जन्म १४७१, न्यूरेंबर्ग. त्याचा धर्मपिता आंटोन कोबेर्गर हा त्या काळचा बडा मुद्रक होता. ड्यूररनं १४९८ साली बायबलमधल्या जगबुडीच्या दृश्यांची पंधरा मोठी लाकूडठसा चित्रं पुस्तकरूपात काढली आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. तो उत्तम रंगारीही होता, पण एका श्रीमंत गिऱ्हाइकाला पाठवलेल्या पत्रात त्यानं स्पष्ट कुरकुर केली आहे की एकेका रंगीत चित्रात इतका वेळ जातो, त्यापेक्षा तांब्यावर कोरकाम करत बसलो असतो तर जास्त कमावलं असतं. कलाकार आणि कमाई यांचा संबंध मुलांपासून लपवायचं कारण नाही.

आणि ही चित्रं विकायचं कोण? १४९७ साली ड्यूररनं गावोगाव फिरून चित्रं विकण्यासाठी एक माणूस ठरवून घेतला होता. बायको आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेत चित्रं घेऊन जाई. आईनं न्यूरेंबर्गच्या धार्मिक उत्सवात विक्री केली. आपल्या मुलांना हे लगेच समजतं. दिवाळीनंतर गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते. धान निघालेलं असतं, हातात चार पैसे असतात, पाहुणे आलेले असतात. जिलेबी, खेळणी, बांगड्या यांच्या रांगेत तसबिरींचं दुकान लागतं. फ्रँकफर्टची जत्रा फार मोठी होती, पण गणित तेच : जिथे गर्दी आणि पैसा एकत्र येतो तिथे चित्र जातं.

एका फ्लोरिनला किती चित्रं?

गणिताच्या तासाला उपयोगी पडेल असा एक दाखला देतो. १५२०-२१ मध्ये ड्यूरर नेदरलँड्सला गेला तेव्हा त्यानं जमाखर्चाची वही ठेवली. अँटवर्पला एका गिऱ्हाइकाला लावलेला भाव त्यात आहे. एका फ्लोरिनला (हे त्या काळचं सोन्याचं नाणं) :

– पूर्ण कागदाची चित्रं ८
– अर्ध्या कागदाची २०
– पाव कागदाची ४५

मुलांना विचारा : फक्त कागदाच्या मापानं भाव लावला असता तर अर्ध्या कागदाची किती आणि पाव कागदाची किती मिळायला हवी होती? उत्तर १६ आणि ३२. प्रत्यक्षात मिळाली २० आणि ४५. पूर्ण कागदाची किंमत एक अष्टमांश फ्लोरिन. चार पाव-चित्रं घेतली तर कागद तेवढाच, पण किंमत ४/४५ फ्लोरिन, म्हणजे मोठ्या चित्राच्या सुमारे ७१ टक्के. मग पुढचा प्रश्न : लहान चित्र प्रमाणापेक्षाही स्वस्त का ठेवलं असेल? इथे एकच बरोबर उत्तर नाही. मेहनत कमी, गिऱ्हाईक गरीब, एकदम जास्त खप. मुलांना आपापल्या किराणा दुकानातल्या पुड्या आठवू द्या. एक रुपयाचा शाम्पू आठवला तरी चालेल, पण तिथे हिशेब कोणत्या बाजूला झुकतो तेही त्यांनाच करून बघू द्या.

सही खरी, चित्र खोटं

बाजार आला की नक्कल येते. ड्यूरर आपल्या चित्रांवर मोठ्या 'ए'च्या पायांमध्ये 'डी' अशी खूण करायचा. इटलीत मार्कांतोनियो रायमोंदी यानं त्याच्या चित्रांच्या हुबेहूब नकला केल्या, काहींवर तर ती खूणही उतरवली. १५११ साली ड्यूररनं आपल्या पुस्तकांत नक्कल करणाऱ्यांना बादशहाच्या हुकमाचा दाखला देऊन दमच भरला.

त्याहून गमतीचा प्रकार अँटवर्पचा. तिथे हिरोनिमस कॉक या प्रकाशकाचं चित्रांचं मोठं दुकान होतं. १५५७ साली त्यानं एक चित्र काढलं : मोठे मासे लहान माशांना गिळताहेत. मूळ रेखाटन पीटर ब्रूगेल या तरुण चित्रकाराचं. पण छापील चित्रावर नाव घातलं हिरोनिमस बॉशचं, जो चाळीस वर्षांपूर्वीच वारला होता. कारण बॉश खपत होता, ब्रूगेल अजून नवा होता. चित्रावरचं नाव हे नेहमी काढणाऱ्याचंच असेल असं नाही, ते विकणाऱ्याच्या सोयीचंही असू शकतं. आज मोबाईलवर कोणाच्याही नावानं फिरणारे सुविचार ज्यांनी पाहिलेत, त्या मुलांना ही युक्ती ओळखीचीच वाटेल.

गोव्याहून निघालेला गेंडा

या पाठातला सगळ्यात रंगणारा भाग हा. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा यानं गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कनं तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजानं पोर्तुगालच्या राजाकडे रवाना केला. २० मे १५१५ रोजी गेंडा लिस्बनला उतरला. युरोपात शेकडो वर्षांत कोणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. गवगवा झाला, एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन न्यूरेंबर्गला पोचलं. ड्यूररनं गेंडा कधीच पाहिला नाही. पण त्यावरून त्यानं लाकूडठसा काढला आणि तो जोरात खपला.

चित्र बघा (इंटरनेटवर सहज मिळेल). भारतीय गेंड्याच्या कातडीला घड्या असतात, त्या ड्यूररनं लढाईच्या चिलखतासारख्या काढल्या आहेत. पायांवर खवले आहेत. आणि मानेमागे, खांद्यापाशी, आणखी एक छोटं शिंग! भारतीय गेंड्याला तर नाकावर एकच शिंग असतं. चित्राच्या वर छापलेल्या मजकुरात सालही चुकलंय : १५१५ ऐवजी १५१३. बिचारा खरा गेंडा पुढे पोपसाठी इटलीला पाठवला, तेव्हा १५१६ च्या सुरुवातीला जहाजासकट बुडाला. छापील गेंडा मात्र बुडाला नाही. पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपातल्या पुस्तकांत त्याच चित्रावरून गेंडा काढला जात होता, खांद्यावरच्या शिंगासकट. चित्र इतकं जिवंत होतं, आणि इतक्या जणांकडे होतं, की खरं काय हे विचारायची गरजच कोणाला वाटली नाही.

चेहरा कोण ठरवतं?

आता आपल्या भिंतीकडे परत या. शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र बराच काळ चलनात होतं, ते इब्राहिम खान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांतून महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणलं आणि ही चूक दाखवून दिली. म्हणजे शिकलेल्या, इतिहासावर प्रेम करणाऱ्या लोकांच्या घरांतही दुसराच माणूस भिंतीवर होता. बेंद्र्यांनी ओळखलं ते कसं? त्यांनी विचारलं : हे चित्र आलं कुठून?

मुलांना एकदा 'लक्ष्मी काढा' म्हणा. बहुतेकजण कमळावर उभी, चार हात, काठपदराची साडी, दागिने अशीच काढतील. 'सरस्वती' म्हटलं की वीणा आणि मोर. साडी तीच, बांधा तोच. हा वेश आणि हा चेहरा घराघरांत पक्का करण्यात रविवर्मांच्या छापखान्याचा फार मोठा वाटा आहे. पुढे एस. एम. पंडित, रघुवीर मुळगावकर अशा कॅलेंडर-चित्रकारांनी तो आणखी उजळ केला. श्रद्धेला धक्का द्यायचा नाही. चित्र सुंदर आहे, ते आवडतं, त्यात वावगं काहीच नाही. पण मुलं रंगवायला बसली की पेटीतला कोणता खडू उचलतात बघा. 'स्किन कलर' म्हणून जो गुलाबीसर खडू मिळतो, तोच. धानाच्या बांध्यात उन्हात राबणाऱ्या आईची लेक देवीला स्वतःच्या आईचा रंग देत नाही. का देत नाही, हे तिला कोणी विचारलेलंही नसतं. हा प्रश्न वर्गात हळुवारपणे यायला हवा. चेहरा एका चित्रकारानं, एका काळात, एका बाजारासाठी निवडला, हे कळलं की मुलीला दुसरा खडू उचलायला मोकळीक मिळते.

भिंत बदलते तेव्हा

छापील चित्रानं नुसतं साचे पाडले असं म्हटलं तर तो अन्याय होईल. त्यानं दारंही उघडली. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुलं झालं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. नाशिकच्या काळाराम मंदिरात जाता यावं म्हणून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह सुरू करावा लागला होता. त्याच्या कितीतरी आधीपासून छापलेला विठ्ठल, छापलेला राम बाजारात होता. पैसे मोजणाऱ्याला तसबीर जात विचारत नव्हती. हे मंदिराच्या हक्काची बरोबरी करणारं नव्हतं, पण क्षुल्लकही नव्हतं.

आणि मग एक दिवस लोकांनी तसबिरीच बदलल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. विदर्भातल्या असंख्य घरांतून देवांच्या चौकटी उतरल्या आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या लागल्या. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जा. पुस्तकांच्या दुकानांइतकीच गर्दी तसबिरींच्या दुकानांवर असते. कोणी सांगितलं नाही तरी ती चौकट घरातल्या मुलाला रोज सांगते : शिक.

युरोपातही असंच घडलं होतं. १५१७ नंतर मार्टिन ल्यूथरची चळवळ पसरली. काही शहरांत चर्चमधल्या संतांच्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकली. त्याच काळात लुकास क्रानाख या चित्रकारानं ल्यूथरचे छापील चेहरे काढले. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं त्यांनाही तो ओळखू येऊ लागला. माणसांचं मन बदललं की भिंत बदलते, आणि नवी भिंत पुढच्या पिढीचं मन घडवते. गावातल्या भिंतींचा असा इतिहास कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो मुलांनाच लिहायचा आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१) भिंतीची नोंद. प्रत्येक मुलानं घरातलं एकच छापील चित्र निवडावं आणि वहीत लिहावं : चित्र कोणाचं? कुठे लावलंय? कधी, कुठून आणि कोणी आणलं? खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय छापलंय? आजी-आजोबांना विचारावं की त्यांच्या लहानपणी त्या जागी काय होतं. एक काळजी घ्या : कोणाच्या घरात काय आहे याची फळ्यावर यादी करू नका, तुलना करू नका. काही घरांत माणसांची चित्रं लावत नाहीत, तिथे सुंदर अक्षरांची चौकट असते. काही घरांत काहीच नसतं. 'कॅलेंडर नाही' हीसुद्धा पूर्ण नोंद आहे.

२) बटाट्याचा ठसा. अर्ध्या बटाट्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर उठावात ठेवायचं आणि छापायचं. सुरी शिक्षकांच्याच हातात, मुलांना चमच्याचं टोक पुरतं. पहिला ठसा सगळ्यांचाच उलटा येतो. मग आरसा द्या. ड्यूररची खूण ठोकळ्यावर उलटी का कोरावी लागे, हे वेगळं सांगायला लागत नाही.

३) न पाहिलेला प्राणी. प्लॅटिपसचं वर्णन वाचून दाखवा, नाव सांगू नका, चित्र दाखवू नका. मुलांनी ऐकून चित्र काढावं. मग खरा फोटो दाखवा. हसून झालं की ड्यूररचा गेंडा दाखवा. आता मुलं त्याला हसणार नाहीत, त्याची अडचण समजून घेतील.

४) पाच प्रश्न. कोणतंही चित्र समोर आलं की विचारायचे : काढलं कोणी? त्यानं ती व्यक्ती किंवा वस्तू पाहिली होती का? छापलं किंवा पसरवलं कोणी? कोणासाठी? यात काय दाखवलेलं नाही? हे पाच प्रश्न मोठ्या अक्षरांत वर्गात लावून ठेवा. इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्रांनाही ते लागू करा. मुलं तुम्हाला अडचणीत आणतील, आणू द्या.

पालकांसाठी दोन शब्द. मुलांच्या हातातल्या मोबाईलवर आज थोर पुरुषांचे संगणकानं बनवलेले 'खरे चेहरे' येतात, अगदी फोटोसारखे. ड्यूररचा गेंडाही लोकांना खराच वाटला होता. मुलाला रागावून 'ते खोटं आहे' म्हणण्यापेक्षा त्याच्याशेजारी बसून वरच्या पाच प्रश्नांतला पहिला विचारा. यंदाच्या मंडईत तसबिरीच्या दुकानासमोर जरा थांबा. दुकानदाराला विचारा, सगळ्यात जास्त कोण खपतं, पूर्वी कोण खपायचं, माल येतो कुठून. तो सांगेल. मुलाला ते वहीत लिहून घ्यायला सांगा, आणि सुट्टी संपली की ती वही वर्गात पाठवा.